रत्नागिरीतल्या दुकानातला काँगो टेट्रा

काँगो नदीच्या खोऱ्यातला हा मासा इथल्या एका अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात जोडीने नव्हे, नगावर मिळतो. ते बरंच आहे, कारण सहापेक्षा कमी ठेवले तर बिचारे दिवसभर कोपऱ्यात दबून राहतात. विकायला असतात ती तीन-चार सेंटिमीटरची फिकट पिल्लं. इंद्रधनुषी पट्टा आणि शेपटीमधली झालर नरावर खुलते, तीही मोठा झाल्यावर. म्हणून ‘रंगच नाही’ ही गिऱ्हाइकांची तक्रार चुकीची. पोट खपाटीला गेलेली किंवा पर मिटून पोहणारी पिल्लं मात्र नाकारा.

दुकानाची खरी चूक वेगळीच. यांना टायगर बार्ब या दुसऱ्या जातीच्या माशांच्या टाकीत सोडलेलं असतं, आणि बार्ब पर कुरतडतात. वर सल्ला दोन फुटी टाकीचा! नर आठ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. चार फुटी, झाकणाची टाकीच घ्या.

पाण्याच्या बाबतीत कोकण नशीबवान. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, किंचित आम्ल. पीएच ६ ते ७.५ चालतो. विहीर खाडीलगत असेल तर आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच वापरा. घरी आणल्यावर सलाइनच्या नळीने पाऊण तास पिशवीत थेंबथेंब टाकीचं पाणी द्या, मगच मासे जाळीने सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत नको.

मे महिन्यात पाणी तिशीपार गेलं की ऑक्सिजन घटतो. दमट हवेत पंख्याने तापमान फारसं उतरत नाही, तेव्हा हवेचा पंप वाढवा. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून तो बॅटरीवरचाच घ्यावा.