युरॅक्सेस: संशोधनातली पहिली नोकरी शोधणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झाल्यावर दीड वर्ष मी पुण्यात एका प्रोजेक्टवर होते. पुढची जागा शोधायची म्हणजे रोज रात्री आठ-दहा विद्यापीठांच्या साइट उघडायच्या. जाहिरात सापडायची ती स्कॅन केलेली पीडीएफ, आणि मुदत संपायला चार दिवस. एका वॉक-इनसाठी रात्रभर एसटीने गेले, फाइल मांडीवर घेऊन तीन वाजेपर्यंत बसले, तेव्हा कळलं की जागाच रद्द झालीय. खूप रडले त्या दिवशी. आमच्या लॅबमधल्या सीनियर ताईने मग युरॅक्सेस उघडून दिलं.

हे युरोपियन कमिशनचं, संशोधनातल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींचं पोर्टल. उमेदवाराला एक पैसा लागत नाही. शोधताना 'आर1' वर टिक करायची. आर1 म्हणजे पीएच.डी. व्हायची असलेले, आर2 म्हणजे पीएच.डी. झालेले पण अजून स्वतंत्रपणे काम न करणारे, असं आर4 पर्यंत. एवढं केलं की प्राध्यापकांच्या जागा बाजूला होतात. कराराचा प्रकार, आठवड्याचे तास, रुजू व्हायची तारीख, शेवटची तारीख हे सगळं जाहिरातीत वरच दिसतं. मला याचंच फार अप्रूप वाटलं. अर्ज मात्र बहुतेक वेळा त्या-त्या विद्यापीठाच्याच साइटवर करावा लागतो.

मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या पैशातून चालणाऱ्या पीएच.डी.च्या जागा असतील तर पात्रता आधी वाचा. भरतीच्या आधीच्या 36 महिन्यांत जागा ज्या देशातली आहे तिथे 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. माझा मावसभाऊ जर्मनीत मास्टर्स करतोय, दोन वर्षं होत आली. त्याला जर्मनीतली अशी जागा मिळणार नाही, पण नेदरलँड्स किंवा स्पेनमधली मिळू शकते. मराठी मुलांनी हे लक्षात ठेवावं, नाहीतर पत्र लिहिण्यात घालवलेले पंधरा दिवस वाया जातात. जाहिरातीत लिहिलेल्या भत्त्यातून सामाजिक सुरक्षेचा मालकाचा (म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थेचा) हिस्साही वजा होतो, म्हणून हातात किती पडणार ते एचआरला ईमेलने विचारून घ्या. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

मी 19 अर्ज केले, तीन ठिकाणी मुलाखत झाली. एका पॅनलने विचारलं, तुझा कुठला प्रयोग फसला? तीन आठवडे माझ्या प्लेट्सवर बुरशी येत होती आणि दोष इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये निघाला, ते मी जसंच्या तसं सांगितलं. त्यावरच वीस मिनिटं बोलणं झालं. जागा तीच मिळाली, नेदरलँड्समध्ये, चार वर्षांसाठी.

पत्र आलं तेव्हा बाबांनी पहिलं विचारलं, "फी किती भरायची?" मी त्यांना पगाराची ओळ दाखवली. तिथे पीएच.डी. करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा कर्मचारीच असतो, रजा आणि पेन्शनसकट. बाबांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि आईला हाक मारली.