‘लेडीज पिस्तूल’च्या नादात 83,500 रुपये गेले

आधीच सांगते, मी भोळी नाही. ओटीपी कुणाला देत नाही, लिंक उघडत नाही, लॉटरीचे फोन तर ऐकूनही घेत नाही. तरी 83,500 रुपये घालवून बसले.

लेक चौदा वर्षांची. पॅरिसला मनू भाकरने दोन कांस्यपदकं घेतली आणि पंधरा दिवसांत आमचं ध्यान नेमबाजीच्या रेंजवर हजर. दहा मीटर एअर पिस्तूल. क्लबचं पिस्तूल मोठ्या पुरुषी हाताच्या ग्रिपचं. तिची बोटं धड ट्रिगरपर्यंत पोचत नव्हती. सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “मॉडेल नंतर बघा, आधी ग्रिप हातात बसली पाहिजे. स्मॉल किंवा एक्स्ट्रा स्मॉल.” नवीन परदेशी पिस्तुलाचा भाव दोन लाखांच्या वर, शिवाय थांबायची तयारी ठेवा म्हणे. आणि जिल्हा स्पर्धा महिन्यावर.

अशा वेळी नेमबाजांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात दिसली. “बहिणीचं पिस्तूल, लग्नानंतर खेळ सुटला, लेडीज ग्रिप, स्मॉल.” 1,10,000. मला जे हवं होतं नेमकं तेच. आता आठवतं, चार दिवस आधी त्याच ग्रुपवर ‘मुलीसाठी लहान ग्रिपचं कुणाकडे आहे का’ असं मीच विचारलं होतं. माझाच प्रश्न त्याने मला विकला.

लेडीज पिस्तूल असं काही नसतं हो! दहा मीटरला बायकांना आणि पुरुषांना नियम एकच. पिस्तूल दीड किलोच्या आत, ट्रिगर ओढायला किमान 500 ग्रॅमचा जोर लागला पाहिजे. हा बाबा सांगत होता, “ताई, मुलींसाठी म्हणून ट्रिगर 300 वर सेट केलाय, एकदम हलका.” तसलं पिस्तूल स्पर्धेच्या तपासणीतच बाद होतं. हे मला माहीत होतं. तरी मी “अरे वा” म्हणाले.

पण खरी खूण फोटोत होती, आणि तीच रात्री झोपू देत नाही. नळीचं तोंड डावीकडे होतं. उजव्या हाताच्या ग्रिपवर त्या बाजूने अंगठा टेकायची खोबण दिसायला हवी. इथे बोटांची बाजू दिसत होती. लेक बघताक्षणी म्हणाली, “आई, हे डावखुऱ्याचं आहे.” मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “ताई, सेल्फी कॅमेऱ्याने काढलाय, उलटा आलाय.” मला पटलं! फोटो उलटा असेल तर नळीखाली कोरलेलं कंपनीचं नाव सुलट कसं वाचता येईल? ते तर मी मोठं करून वाचलं होतं. लेकीला म्हटलं, “आगाऊपणा करू नकोस.”

टोकन 15,000. मग “पॅकिंग झालं” म्हणून 60,000. उरलेले 35,000 माल हातात आल्यावर; यामुळेच तर मी निर्धास्त होते. दुसऱ्या दिवशी ‘शस्त्र वाहतूक परवान्या’चे 8,500. 0.177 कॅलिबरच्या (म्हणजे तेवढे इंच व्यासाच्या नळीच्या), 20 जूलच्या आतल्या ताकदीच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवानाच लागत नाही, मग वाहतुकीचा कसला? तेही भरले. मग फोन बंद.

दोन दिवस नवऱ्यालाही सांगितलं नाही. ती चूक करू नका. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच तासात फोन लावा, लाज नंतर वाटून घ्या. मी लावला तोवर त्याच्या खात्यात 2,140 रुपये उरले होते. तेवढे गोठवले, आणि सोडवायला म्हणे कोर्टाचा आदेश आणा. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. सायबरवाल्यांनी ठाण्यात पाठवलं. ठाण्यात ‘पिस्तूल’ शब्द उच्चारला आणि माझीच उलटतपासणी सुरू. “कशाला हवंय पिस्तूल? लायसन्स कुठंय?” खेळाचं आहे, छर्ऱ्याचं आहे, परवाना लागत नाही, असं तीन टेबलांवर समजावलं. शेवटी साहेब म्हणाले, “मग खेळण्यातली बंदूक म्हणा की.” अर्जावर तसंच लिहिलं, ‘खेळण्यातील बंदूक खरेदी’. 83,500 चं खेळणं! चार खेपा झाल्या, गुन्हा अजून नोंदवलेला नाही. दर खेपेला नवा माणूस, आणि दर वेळी पहिला प्रश्न तोच, लायसन्स.

जुनं घेताय तर रेंजवरच भेटा, मुलीच्या हातात देऊन बघा. पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची उत्पादनाची तारीख वाचा, दहा वर्षांनंतर तो वापरायचा नसतो. माझ्याकडे आलेल्या फोटोत नेमका तिथे अंगठा होता. व्हिडिओ कॉलला नाही म्हणणारा माणूस तिथेच सोडा. आणि मुलं काही दाखवत असतील तर बघा.

सरांनी क्लबच्याच एका जुन्या पिस्तुलाची ग्रिप कानशीने घासून, लांबी (पुट्टी) भरून तिच्या हाताजोगी करून दिली. खर्च 180 रुपये.

काल तोच फोटो दुसऱ्या ग्रुपवर आला. नंबर नवा, किंमत 95,000. खाली लिहिलंय, ‘डावखुऱ्या मुलींसाठी उत्तम’.