हायड्रोजन डिस्चार्ज ट्यूबचा संच: दोन महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. हायड्रोजनच्या वर्णपटमालिका, म्हणजे त्याच्या प्रकाशातील ठराविक तरंगलांबीच्या रेषांचे गट, आजवर फळ्यावरच दाखवाव्या लागत, म्हणून यंदा नागपूरच्या एका दुकानातून डिस्चार्ज ट्यूब (वीज सोडली की आतला वायू उजळतो अशी काचेची नळी) आणि तिचा उच्च दाबाचा वीजपुरवठा असा संच साडेसहा हजार रुपयांना घेतला. स्पेक्ट्रोमीटर (प्रकाशरेषांचे कोन मोजणारे उपकरण) आणि इंचाला १५,००० रेषांचे ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी पट्टी) प्रयोगशाळेत आधीच होते.

खिडक्यांना बारदाना लावून खोली अंधारी केली आणि नळी पेटवली, तेव्हा नुसत्या डोळ्यांना गुलाबी दिसणारा तो प्रकाश स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीतून तांबडी, निळसर हिरवी आणि जांभळी अशा तीन सुट्या रेषांत उभा राहिला. तांबडी रेषा २२ अंश ४६ मिनिटांवर मिळाली. त्यावरून तिची तरंगलांबी ६५५.३ नॅनोमीटर येते, प्रमाण मूल्य ६५६.३ आहे. इलेक्ट्रॉन तिसऱ्या कक्षेतून दुसऱ्या कक्षेत उतरताना ही रेषा उमटते, हे धरून वर्गातल्या मुलींनी या रेषांच्या सूत्रातला रिडबर्ग स्थिरांक काढला, तो प्रति मीटर १ कोटी ९ लाख ८७ हजार भरला, म्हणजे मान्य मूल्याहून जेमतेम १९ हजारांनी जास्त. या दिसणाऱ्या रेषांच्या मालिकेला ज्यांचे नाव आहे ते बाल्मर स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या मुलींच्या शाळेत शिकवत आणि १८८५ मध्ये त्यांनी अशाच चार रेषांच्या मोजमापांवर सूत्र बसवले. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे इलेक्ट्रॉनच्या कक्षांवर आधारलेले स्पष्टीकरण त्यानंतर २८ वर्षांनी आले. हे सांगताना यंदा प्रथमच पुरावा समोर टेबलावर होता.

चौथी, ४१०.२ नॅनोमीटरची रेषा मला दिसली नाही, दोन विद्यार्थ्यांना मात्र अंधुक दिसली. रेषांच्या मधे फिकट उजेडही पसरतो. तो नळीतल्या हायड्रोजनच्या रेणूंचा असतो, त्यामुळे त्याचा दोष विक्रेत्याला देता येणार नाही.

सोबतच्या पुस्तिकेबद्दल मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. या नळीतून सर्व मालिका दिसतात, असे तिच्यात छापले आहे. लायमन मालिकेची (इलेक्ट्रॉन पहिल्या कक्षेत उतरताना उमटणाऱ्या रेषांची) पहिली रेषा १२१.६ नॅनोमीटरची, म्हणजे अतिनील आहे आणि ती काचेतूनच बाहेर पडत नाही. पाश्चेन मालिका (तिसऱ्या कक्षेत उतरतानाची) १८७५ नॅनोमीटरपासून खाली, पण पूर्णपणे अवरक्तात आहे. डोळ्यांना दिसते ती फक्त बाल्मर मालिका. ज्या पोराला लायमनची रेषा सापडत नाही, तो चूक आपलीच समजतो, म्हणून ते पान मी खोडून दुरुस्त केले आहे.

परिसरातले कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज पडून नळी लुकलुकते, तेव्हा स्टॅबिलायझर अवश्य जोडावा. नळी अर्धा मिनिट चालवून तेवढाच वेळ बंद ठेवावी आणि पेटलेली असताना तिच्या टोकांना कोणालाही हात लावू देऊ नये. बाल्मर मालिकेपुरता हा संच मी प्रत्येक ग्रामीण प्रयोगशाळेला घ्यायला सांगेन.