बाराचे पाच: वेबसाइटचा हिशोब कुठं आणि मांडणी कुठं?

२२ सप्टेंबर २०२५ ला पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बेळगावातल्या एका मिठाईवाल्यांची साइट मीच पूर्वी केलेली. आदल्या रात्री दर बदलला आणि निवांत झोपलो. सकाळी फोन: "अहो, कन्नड पानावर चिवडा अजून बारानंच दाखवतंय की!" मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तीन पानं, आणि तिन्हींत कराचा गुणाकार वेगवेगळा लिहिलेला. चूक सर्वस्वी माझीच.

तेव्हापासून कुणी "साइट कशात करू?" म्हणालं की मी आधी विचारतो, पान किती भाषांत आहे आणि दर बदलणार कोण?

मग वाटा तीन. पहिली, हिशोब आणि मांडणी सगळं एकाच फाइलीत लिहायचं. ही पीएचपी या वेबसाइट लिहायच्या भाषेची मूळ चाल. १९९५ साली ती लोकांपुढं आली आणि त्याच वर्षी तिच्यात एचटीएमएलच्या (पानाची मांडणी लिहायच्या खुणांच्या) मधेमधे कोड पेरायची सोय झाली. स्वस्तातलं होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) चालतं, फाइल चढवली की काम झालं. निपाणीतल्या एखाद्या लॉजची चार पानांची साइट असेल, हिशोब काहीच नसेल, तर उगीच मोठा घाट घालू नका. पण ग्राहकानं टाइप केलेला मजकूर पानावर दाखवायचा असेल तर तो दर ठिकाणी स्वतः निर्धोक करून घ्यावा लागतो. एकदा विसरलात की कुणीही तुमच्या पानात आपली स्क्रिप्ट घुसवतो.

दुसरी वाट टेम्प्लेटची. हिशोब एकीकडे, पानाचा साचा दुसरीकडे. कल्पना जुनीच, संगणकतज्ज्ञ ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत एमव्हीसी (माहिती, मांडणी आणि नियंत्रण वेगवेगळं ठेवायची रचना) मांडलं, तेव्हा वेब जन्मालाही आलं नव्हतं. २००५ मध्ये खुला झालेला जँगो, म्हणजे साइट बांधायचा पायथॉन भाषेतला तयार सांगाडा, अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडला. त्याची टेम्प्लेटची भाषा मुद्दाम लुळी ठेवली आहे: फंक्शनला हवी ती किंमत देऊन बोलावता येत नाही, कराचं गणित मांडायला गेलात तर हात बांधल्यासारखे होतात. पहिले आठ दिवस मी वैतागलो. मग कळलं की माझ्यासारख्यांसाठीच ते बांधलेत. लॅराव्हेल हा तसाच पीएचपीतला सांगाडा; त्याच्या ब्लेड या टेम्प्लेटच्या भाषेत सुटसुटीतपणा जास्त, पण साच्यात सरळ पीएचपी लिहायचं दार उघडं आहे, आणि घाईच्या दिवशी माणूस त्याच दारानं शिरतो. ग्राहकाचा मजकूर निर्धोक करायचं काम मात्र दोन्हीकडे आपोआप होतं.

रेघ कुठं ओढायची, यात नवे लोक गोंधळतात. साच्यात 'जर-तर' अजिबात नको असं नाही. कुंदा (मिठाई) संपला असेल तर "संपला" ही पट्टी लाल की करडी, हे साच्यानं ठरवावं. दोन किलो उरला तरी दुकानच्या गिऱ्हाइकासाठी राखून साइटवर संपला म्हणायचं का, हा धंद्याचा नियम. तो साच्यात नको. माझा कन्नड सोबती फक्त साचे आणि भाषांतराची फाइल बघतो. पायथॉन त्याला येत नाही, यावंही लागत नाही.

तिसरी वाट म्हणजे मागं नुसतं एपीआय (सर्व्हरनं पान न देता फक्त माहिती द्यायची सोय) आणि पुढं रिअ‍ॅक्ट (ब्राउझरमध्ये पान रचणारं जावास्क्रिप्टचं साधन). पतसंस्थेचं काम असेल तर हीच घ्या. पिग्मी एजंटच्या मोबाइलवरचं अ‍ॅप आणि शाखेतला कॉम्प्युटर, दोघांनाही व्याज एकाच जागेवरून मिळायला हवं. एका मिठाईच्या दुकानाला मात्र हे जड जातं. दोन प्रकल्प सांभाळा, लॉगिनची भानगड दुप्पट, आणि जांबोटीकडं रेंज गेली की जावास्क्रिप्ट उतरेपर्यंत पान कोरं. सर्व्हरवरच पान तयार करून पाठवता येतं, पण त्यासाठी बहुधा नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) सतत चालू ठेवायला लागतो. वर एक मोह: बेरीज पटकन दिसावी म्हणून कराचं गणित रिअ‍ॅक्टमध्ये "तात्पुरतं" उतरवायचं. ब्राउझरमधला आकडा ग्राहक बदलू शकतो, म्हणजे सर्व्हरवर ते पुन्हा करावंच लागतं. नियम परत दोन ठिकाणी!

तीन भाषा, एक दुकान, वर्षाकाठी थोडे बदल, असा मामला असेल तर मी जँगो घेईन. त्यातलं दर आणि माल बदलायचं तयार अ‍ॅडमिन पान मालक स्वतः वापरू शकतो. हाताशी पीएचपीचीच माणसं असतील तर लॅराव्हेल, आणि साच्यात पीएचपी दिसलं की परत पाठवायचं.

त्या मिठाईवाल्यांचे दर आता एका तक्त्यात आहेत. चिवड्याची एक ओळ, तुपाची एक, प्रत्येकीपुढं दर कधीपासून लागू त्याची तारीख. त्यामुळं ऑगस्ट २०२५ चं बिल आज काढलं तरी बारानंच छापून येतं.