प्राणिज हृदयझडप निवडताना: जुनी प्रक्रिया की नवी?

सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात हृदयाची झडप बदलण्याचा सल्ला मिळाला, की घरात पहिली चर्चा होते ती धातूची झडप घ्यावी की प्राणिज, याचीच. धातूची झडप दीर्घकाळ टिकते. मात्र रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा आकडा, वेळोवेळी तपासावा लागतो. जत किंवा माणमधल्या वस्तीवर राहणाऱ्या, अथवा ऊसतोडीसाठी हंगामभर बाहेर असणाऱ्या रुग्णाला हे सांभाळणे अवघड जाते; शिवाय वॉरफरिनसारखी गोळी गर्भाला अपाय करू शकते. अशा कारणांनी प्राणिज झडप ठरली, तर तिच्या ऊतीवर कोणती प्रक्रिया झाली आहे हे विचारणे मला अत्यंत आवश्यक वाटते, कारण झडपेचे आयुष्य बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते.

प्राणिज झडपेच्या जुन्या आणि नव्या, दोन्ही प्रक्रियांचा पाया एकच आहे. जनावराच्या हृदयाभोवतीची पिशवी, म्हणजे हृदयावरण, स्वच्छ करून ग्लुटारअल्डिहाइड या रसायनाच्या सौम्य द्रावणात ठेवतात. चामडे कमावताना होते तसेच येथेही कोलॅजन या प्रथिनाचे धागे एकमेकांशी पक्के बांधले जातात, ऊती कुजत नाही आणि परक्या प्रथिनांना शरीराकडून होणारा विरोध कमी होतो. फ्रेंच शल्यविशारद आलँ कार्पांतिए यांनी 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात प्राणिज झडपांसाठी ही पद्धत रुजवली.

जुन्या पद्धतीच्या काही झडपांच्या 20 वर्षांपर्यंतच्या नोंदी उपलब्ध आहेत, हे तिचे मोठे बळ. उणीव अशी, की ऊतीत शिल्लक राहिलेले त्या रसायनाचे मोकळे अल्डिहाइड गट आणि पेशींमधील फॉस्फोलिपिड हे स्निग्ध घटक यांच्याभोवती कॅल्शियम साचते, झडपेच्या पाकळ्या ताठर होतात आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते. रुग्ण जितका तरुण, तितके हे लवकर घडते. नव्या पद्धतींपैकी एकीत हे मोकळे गट रासायनिक रीतीने निष्क्रिय करून ऊती ग्लिसरॉलच्या साहाय्याने कोरडी साठवली जाते. काही उत्पादक इथेनॉलने फॉस्फोलिपिड काढतात, तर काही पेशीच धुऊन टाकतात. सुरुवातीच्या वर्षांचे निष्कर्ष आश्वासक आहेत, परंतु जुन्या झडपेइतका दीर्घ अनुभव अद्याप जमलेला नाही.

म्हणून सत्तरी ओलांडलेल्या रुग्णासाठी नव्या झडपेपायी कर्ज काढावे, असे मला वाटत नाही. जुनी पुरेशी आहे. पन्नाशी-साठीतल्या रुग्णाला परवडत असेल, तर नवीचा विचार जरूर करावा. पन्नाशीच्या आत सामान्यतः धातूची झडप सुचवतात, पण अडचणीमुळे प्राणिजच बसवायची असेल, तर प्रक्रियेइतकेच झडपेच्या मापाकडेही लक्ष द्यावे. पुढे ती निकामी झाल्यास तिच्याच आत कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून नेलेल्या बारीक नळीने, दुसरी बसवण्यास मोठे माप सोयीचे पडते.

ऊती गोवंशाची आहे की डुकराची, हा ज्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे त्यांनी तो शल्यविशारदांना संकोच न करता आधीच विचारावा. शासकीय आरोग्य योजनेतून उपचार होणार असतील, तर योजनेत कोणती झडप बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच समजून घ्यावे.