'व्हायरस-फ्री' केळी रोपं: अहवाल खरा, पण दुसऱ्याच बॅचचा

शिरोळ तालुक्यातल्या एका बागायतदाराने उसाचं रान मोडून जी-नाइन वाणाची केळी लावली. रोपं टिश्यू कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये बाटलीत वाढवलेली, 'व्हायरस-फ्री' म्हणून घेतलेली, सोबत चाचणी अहवालाची झेरॉक्स. थोड्याच दिवसांत पर्णगुच्छ हा विषाणूजन्य रोग दिसू लागला: देठावर गर्द हिरव्या तुटक रेषा, नवी पानं आखूड, अरुंद, ताठ, शेंड्याला झुबका. मावा ही कीड बाहेरून रोग आणते तेव्हा सहसा बांधाकडून किंवा पुंजक्यांनी सुरुवात होते. इथे पहिल्याच फुटव्यात रोगट झाडं रानभर विखुरलेली. म्हणजे रोग रोपांतूनच आला.

अहवाल बनावट नव्हता. पण बॅच दुसरी, आणि तपासणी एकाच विषाणूची, सीएमव्हीची (कुकुंबर मोझॅक व्हायरस). त्याच्या रोगाला खानदेशात हरण्या म्हणतात. पर्णगुच्छाच्या विषाणूचं, म्हणजे बीबीटीव्हीचं (बनाना बंची टॉप व्हायरस), नावच त्यात नाही.

'टिश्यू कल्चर म्हणजे विषाणूमुक्त' या समजावरच हा धंदा चालतो. ज्या कंदापासून रोपं वाढवतात तो मातृकंद रोगट असला तर बाटलीत रोपांबरोबर विषाणूही वाढतो. तो काढायचा तर सूक्ष्मदर्शकाखाली कोंबाचं जेमतेम ०.२ ते ०.५ मिलिमीटरचं टोक कापावं लागतं, कारण तिथे अजून अन्नवाहिन्या तयार झालेल्या नसतात. इतकं लहान टोक बऱ्याचदा मरतं, म्हणून घाईतली लॅब मोठा तुकडा घेते आणि विषाणू सोबत येतो. सीएमव्ही तर टोकापर्यंत पोहोचतो. त्यासाठी उष्णता उपचाराची जोड लागते. एवढं करूनही प्रत्येक वाण-ओळ (एका टोकापासून वाढवलेली रोपं) पुन्हा तपासावीच लागते.

केळीचे विषाणू मुख्यतः चार. त्यातले बीबीटीव्ही आणि स्ट्रीक विषाणू डीएनएचे, ते पीसीआर या लॅब चाचणीने सापडतात. सीएमव्ही आणि ब्रॅक्ट मोझॅक आरएनएचे, त्यांना आरटी-पीसीआर किंवा एलायझा ही चाचणी हवी. चारांपैकी एकही गाळलेला अहवाल अर्धवट समजा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणन योजना २००६पासून आहे. लॅब त्यात मान्यताप्राप्त आहे का ते आधी विचारा. अहवालावरचा बॅच क्रमांक ट्रेवरच्या लेबलशी जुळवा, बिलावरही तोच लिहून घ्या. नुसतं 'केळी रोपे' लिहिलेलं बिल ग्राहक आयोगात लंगडं पडतं, या प्रकरणात तेच झालं. गाडीतली एक पिशवी फोडूनही पाहा: बुडाशी कापलेला कंद दिसला तर ते मुनव्याचंच (जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या पिल्लाचं) रोप, टिश्यू कल्चर नव्हेच.

रोगट झाड दिसलं तर लगेच उपटू नका, मावा उडून शेजारी जातो. आधी फवारणी, मग कंदासकट काढून तुकडे करायचे.