40 रुपये, पण कशाचे?

हाडवैद्याकडे निघालेल्यांनी हे वाचा. आमचे अण्णा, म्हणजे चुलते, बांधावरून घसरून हातावर पडले. मनगट सुजून वाकडं झालं. एक्स-रे काढायला तालुक्याला गेलो, तर एस.टी. स्टँडवर एक गृहस्थ आपणहून जवळ आले. "माझ्या आईचंही असंच झालं होतं. प्लास्टरच्या नादी कशाला लागता? फाट्यावर वैद्य बसतात, एका हिसक्यात बसवतात." हा त्या वैद्याचाच माणूस, हे मागून कळलं.

फाट्यावर पाल, आत मुळ्यांच्या बरण्या. वैद्यानं मनगट चाचपलं, "हाड तीन जागी चिरलंय" म्हणाला. हिसका दिला, कामट्या लावून फडकं करकचून बांधलं. घेतले फक्त 150 रुपये. खरा धंदा पुढेच होता. हाड जुळायच्या औषधाचा भाव सांगितला 40 रुपये. पोरानं भराभर मुळ्या खलबत्त्यात घालून कुटल्या आणि कुटून झाल्यावर काटा बाहेर आला. 40 रुपये ग्रॅमला! भरलं 180 ग्रॅम, म्हणजे 7,200 रुपये. "तुमच्या नावानं कुटलंय, आता परत घेता येत नाही." तोवर दोघं-तिघं दाराशी येऊन उभे. कांद्याचे आलेले पैसे अण्णांनी मोजून दिले. पावती कसली!

रात्री बोटं गार पडून निळसर झाली. जरा सरळ केली तरी अण्णा कळवळायचे. वैद्य फोनवर म्हणे, "औषध लागू पडतंय, पट्टी सोडू नका." काकूंनी ऐकलं नाही, कात्रीनं फडकं कापलं. डॉक्टर म्हणाले, हात त्यामुळेच वाचला. पट्टी आवळली की रक्त पोचत नाही, काही तासांतच स्नायू मरायला लागतात. हात कायमचा आखडतो, कधी कापावाही लागतो. लहान पोरांचं कोपराजवळ मोडलं असेल तर जास्तच जपा. बोटं निळी, गार किंवा बधिर झाली तर सकाळची वाट बघू नका.

एक्स-रेत हाड एकाच जागी मोडलेलं निघालं, आणि तेही बसलेलं नव्हतं.

सगळ्यांनाच लबाड म्हणणार नाही. आमच्या गावचे एक म्हातारबाबा निखळलेला खांदा बसवायचे, नारळाशिवाय काही घेत नसत, आणि मोडल्याचा संशय आला की स्वतःच दवाखान्यात पिटाळायचे.

नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं महाराष्ट्रात 1961 च्या कायद्यानं गुन्हा आहे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली, पण तोवर पाल उठलं होतं. तुमच्याकडे असं पाल पडलं तर फोटो काढा, फोन नंबर आणि औषधाची पुडी जपून ठेवा, आणि पाल हलायच्या आत तक्रार द्या.